घरगुती संगणकाचे स्पायवेअरपासून संरक्षण

स्पायवेअर म्हणजे वापरकर्त्याच्या नकळत किंवा त्याची दिशाभूल करून संगणकात प्रस्थापित होणारी आणि त्यावरील माहिती गोळा करून तिसऱ्या व्यक्तीकडे पाठवणारी आज्ञावली होय. संगणक बंद पाडणे किंवा फाइली नष्ट करणे हा तिचा हेतू नसतो. संगणक सुरळीत चालत राहावा आणि आपले अस्तित्व लक्षात येऊ नये, यातच तिचा लाभ असतो. त्यामुळे इतर संगणक विषाणूंच्या तुलनेत स्पायवेअर उशिरा लक्षात येते.

घरगुती संगणकावर बँक व्यवहार, शासकीय अर्ज, मुलांचा अभ्यास, कौटुंबिक छायाचित्रे आणि खासगी पत्रव्यवहार एकत्र असतात. एकच संगणक घरातील अनेक जण वापरतात आणि त्यावर देखरेख ठेवणारा तज्ज्ञ नेमलेला नसतो. या संरक्षणासाठी सुरक्षा आज्ञावली, अद्ययावत प्रणाली, मर्यादित अधिकार, सुरक्षित सवयी आणि फाइलींच्या प्रती या सर्वांचा एकत्रित वापर करावा लागतो. यांपैकी कोणताही एक उपाय स्वतंत्रपणे पुरेसा ठरत नाही.

## संज्ञा आणि पार्श्वभूमी

‘स्पायवेअर’ हा शब्द १९९५ मध्ये युजनेटवरील एका संदेशात प्रथम आढळतो. तेथे तो मायक्रोसॉफ्टच्या व्यवसायपद्धतीची थट्टा करण्यासाठी वापरला होता. आजच्या अर्थाने तो २००० च्या सुमारास रूढ झाला. त्या काळी फुकट मिळणाऱ्या अनेक आज्ञावलींसोबत जाहिरातदारांसाठी माहिती गोळा करणारे छुपे भाग येत असत. अमेरिकन प्रोग्रामर स्टीव्ह गिब्सन यांनी २००० मध्ये असे भाग शोधून काढणारी ‘ऑप्टआउट’ ही आज्ञावली तयार केली.

नामांकित कंपनीकडून घेतलेली वस्तूही धोक्यापासून मुक्त नसते, हे २००५ मध्ये दिसून आले. सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या काही सीडी संगणकात घालताच त्यातून स्वतःला दडवून ठेवणारी आज्ञावली प्रस्थापित होत होती. संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी हा प्रकार उघड केला. त्यानंतर कंपनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४ मध्ये जायंट कंपनी सॉफ्टवेअर ही कंपनी विकत घेतली आणि तिच्या उत्पादनाच्या आधारे २००६ मध्ये ‘विंडोज डिफेंडर’ प्रसिद्ध केले. आरंभी ते केवळ स्पायवेअरविरोधी साधन होते. २०१२ मधील विंडोज ८ पासून त्याला संपूर्ण अँटीव्हायरसचे रूप आले आणि ते प्रणालीचाच भाग बनले.

## प्रकार

* कीलॉगर : कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ नोंदवून ठेवतो. यातून पासवर्ड, कार्डाचे क्रमांक आणि खासगी मजकूर बाहेर जातो.
* दूरनियंत्रण ट्रोजन : हल्लेखोराला दूर बसून संगणक हाताळण्याची क्षमता देतो. फाइली वाचणे, बाहेर नेणे, पुसणे किंवा नव्या फाइली आणून ठेवणे, कॅमेरा व मायक्रोफोन चालू करणे या क्रिया त्याद्वारे करता येतात.
* माहितीचोर : ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकी थोड्या वेळात गोळा करून पाठवतो. चोरलेल्या कुकीच्या साहाय्याने आधीच उघडलेल्या खात्यात पासवर्ड किंवा ओटीपीशिवाय प्रवेश मिळू शकतो. या वर्गातील ‘रेडलाइन’ची यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी इतर देशांच्या सहकार्याने खंडित केली.
* जाहिरातवेअर : वापरकर्ता कोणती संकेतस्थळे पाहतो याची नोंद घेतो, मुख्यपृष्ठ बदलतो आणि जाहिराती दाखवतो.
* घरगुती पाळत : संगणकाला प्रत्यक्ष हात लावू शकणारी परिचित व्यक्ती, बहुधा जोडीदार किंवा नातेवाईक, पाळतीसाठी प्रस्थापित करते ती आज्ञावली.

## प्रवेशाचे मार्ग

बहुतेक वेळा स्पायवेअर वापरकर्त्याच्याच एखाद्या कृतीतून आत येते. सर्वांत जुना मार्ग ईमेलला जोडलेल्या फाइलीचा आहे. संदेश ओळखीच्या व्यक्तीच्या खात्यातून आलेला असला तरी ते खातेच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले असू शकते. विंडोजमध्ये फाइलीच्या नावाचा शेवटचा भाग सहसा दिसत नाही. त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ अशी फाइल ‘बिल.पीडीएफ’ म्हणून दिसते आणि कागदपत्र समजून उघडली जाते. वर्ड व एक्सेलच्या फाइलींतील मॅक्रो हाही असाच मार्ग होता. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो आपोआप रोखण्याची व्यवस्था मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये लागू केली.

दुसरा मार्ग अनधिकृत आज्ञावलींचा आहे. सशुल्क आज्ञावली फुकट चालवण्यासाठी मिळणारी ‘क्रॅक’ किंवा ‘कीजेन’ नावाची फाइल चालवताना अँटीव्हायरस बंद करण्याची सूचना अनेकदा दिलेली असते. ती पाळणारा वापरकर्ता स्वतःच संरक्षण काढून टाकतो. मराठी टंकलेखनासाठी अशा फाइली शोधण्याची आता आवश्यकता उरलेली नाही. युनिकोड मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींत अंगभूत असून २०१९ पासून विंडोज १० मध्ये ध्वन्यात्मक मराठी कळफलकही समाविष्ट आहे.

तिसरा मार्ग पेनड्राइव्हचा आहे. छायाचित्रांचे दुकान, झेरॉक्स केंद्र किंवा महाविद्यालयाची प्रयोगशाळा येथून फिरून आलेला पेनड्राइव्ह अनेक संगणकांच्या संपर्कात आलेला असतो. पेनड्राइव्ह जोडताच त्यातील आज्ञावली आपोआप सुरू होण्याची जुनी सुविधा मायक्रोसॉफ्टने २०११ मधील अद्यतनाद्वारे बंद केली. तथापि, फोल्डरसारखे चिन्ह असलेली फाइल वापरकर्त्याने स्वतः उघडल्यास हा उपाय निष्प्रभ ठरतो.

चौथा मार्ग दूरध्वनीचा आहे. बँकेचा किंवा संगणक कंपनीचा प्रतिनिधी असल्याचे भासवून एखादी व्यक्ती दूरसाहाय्य आज्ञावली प्रस्थापित करण्यास सांगते आणि तिचा संकेतांक मागून घेते. मूळ आज्ञावली कायदेशीर असल्याने अँटीव्हायरस तिला सहसा अडवत नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘एनीडेस्क’च्या अशा गैरवापराबाबत बँकांना सावध केले होते.

## लक्षणे

संगणक कारण नसताना मंदावणे, ब्राउझरचे मुख्यपृष्ठ बदलणे, न जोडलेले विस्तार दिसणे, अँटीव्हायरस आपोआप बंद होणे, कॅमेऱ्याचा दिवा अवेळी लागणे, वापर नसताना इंटरनेटचा डेटा खर्च होणे आणि अनोळखी ठिकाणाहून खाते उघडल्याची सूचना येणे ही संशयाची लक्षणे होत. यांतील काही लक्षणे जुन्या हार्डडिस्कमुळे किंवा अपुऱ्या मेमरीमुळेही दिसू शकतात. याउलट, काळजीपूर्वक तयार केलेले स्पायवेअर कोणतेही लक्षण दाखवत नाही. त्यामुळे लक्षणे नसणे हा संगणक निर्धोक असल्याचा पुरावा मानता येत नाही.

## प्रतिबंधात्मक उपाय

### अद्यतने

कार्यप्रणाली आणि ब्राउझर यांची स्वयंचलित अद्यतने चालू ठेवणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे. अद्यतनांमुळे उघडकीस आलेल्या त्रुटी बुजवल्या जातात. आधार संपलेल्या प्रणालीतील त्रुटी मात्र कायम राहतात. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या संगणकावर लिनक्सची आधार चालू असलेली आवृत्ती वापरता येते. तेही शक्य नसल्यास अशा संगणकावरून बँक व्यवहार करणे टाळावे.

### मर्यादित अधिकार

घरगुती संगणकावर बहुधा एकच खाते असते आणि त्याला प्रशासकाचे सर्व अधिकार असतात. त्या खात्यातून उघडलेल्या घातक फाइलीला ते अधिकार मिळण्याची शक्यता वाढते. दैनंदिन कामासाठी साधे खाते आणि नवी आज्ञावली प्रस्थापित करण्यापुरते वेगळे प्रशासक खाते ठेवल्यास हा धोका कमी होतो. मुलांसाठी स्वतंत्र साधे खाते ठेवल्यास खेळांसोबत येणाऱ्या आज्ञावली इतरांच्या फाइलींपर्यंत सहज पोहोचत नाहीत. परवानगी मागणारी चौकट न वाचता ‘होय’ म्हटल्यास मात्र या व्यवस्थेचा उपयोग होत नाही.

### सुरक्षा आज्ञावली

विंडोजमधील अंगभूत डिफेंडर किंवा विश्वासार्ह कंपनीचा एकच अँटीव्हायरस चालू ठेवणे पुरेसे असते. सतत पहारा देणारे दोन अँटीव्हायरस एकाच वेळी चालवल्यास ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. ‘तुमच्या संगणकात विषाणू सापडले’ असे सांगणाऱ्या संकेतस्थळावरून घेतलेले साधन स्वतःच स्पायवेअर असू शकते. फायरवॉल बाहेरून येणाऱ्या अनाहूत जोडण्या रोखते. मात्र आतील आज्ञावलीने स्वतः बाहेर केलेली जोडणी तिच्या नेहमीच्या मांडणीत सहसा अडवली जात नाही.

### पासवर्ड आणि खाती

प्रत्येक महत्त्वाच्या खात्याचा पासवर्ड वेगळा असावा आणि द्विस्तरीय पडताळणी चालू असावी. पडताळणीचा संकेत दुसऱ्या उपकरणावर येत असल्यास केवळ कीलॉगरने मिळवलेला पासवर्ड अपुरा ठरतो. बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नये आणि काम झाल्यावर खात्यातून रीतसर बाहेर पडावे. सायबर कॅफे किंवा सेवा केंद्रातील सामायिक संगणकावर बँकेचे अथवा ईमेलचे खाते उघडणे टाळावे, कारण त्या संगणकावर काय प्रस्थापित आहे हे ग्राहकाला कळू शकत नाही.

### इतर सवयी

फाइलींच्या नावाचा शेवटचा भाग दिसेल अशी मांडणी करणे, आज्ञावली केवळ मूळ उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेणे, प्रस्थापनेच्या वेळी सोबत येणारे जादा पर्याय नाकारणे आणि अनावश्यक ब्राउझर विस्तार काढून टाकणे उपयुक्त ठरते. अनपेक्षित फाइल आल्यास पाठवणाऱ्याला दूरध्वनी करून खातरजमा करावी. त्याच ईमेलला उत्तर देऊन विचारणा केल्यास ते उत्तर हल्लेखोराकडेच जाण्याची शक्यता असते. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत एरवी संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या डिस्कवर असावी.

## संशय आल्यास करावयाची कृती

प्रथम संगणकाची इंटरनेट जोडणी तोडावी. वायफाय बंद करावे किंवा केबल काढावी. त्यानंतर संशयास्पद नसलेल्या दुसऱ्या उपकरणावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलावेत व सर्व उपकरणांवरील खुली सत्रे बंद करावीत. बाधित संगणकावरच नवा पासवर्ड टंकित केल्यास तोही हल्लेखोराला मिळतो.

पुढे सुरक्षा आज्ञावलीने संपूर्ण तपासणी करावी. विंडोजमधील ऑफलाइन तपासणी प्रणाली सुरू होण्यापूर्वीच होत असल्याने स्वतःला दडवणाऱ्या आज्ञावली तिला अधिक सहजपणे सापडतात. दूरनियंत्रण ट्रोजन आढळल्यास केवळ ती फाइल काढणे पुरेसे नसते, कारण हल्लेखोराने अन्य मार्गही उघडे ठेवलेले असू शकतात. अशा वेळी आवश्यक कागदपत्रांची प्रत घेऊन डिस्क पुसणे आणि कार्यप्रणाली नव्याने प्रस्थापित करणे हा अधिक खात्रीचा मार्ग होय.

आर्थिक फसवणूक झाली असल्यास, अथवा पोलिसांत तक्रार करावयाची असल्यास, डिस्क घाईने पुसू नये, कारण तीवरील नोंदी हाच पुरावा असतो. घरगुती पाळतीच्या प्रकरणात स्पायवेअर अचानक काढल्यास पाळत ठेवणारी व्यक्ती सावध होते. हिंसेची भीती असल्यास आधी सुरक्षित उपकरणावरून मदत मिळवणे हिताचे ठरते.

## महाराष्ट्रातील संदर्भ

### पुण्यातील अँटीव्हायरस उद्योग

भारतातील घरगुती संगणकांच्या संरक्षणाचा इतिहास पुण्याशी जोडलेला आहे. संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ हा अँटीव्हायरस तयार केला. दुरुस्तीसाठी येणाऱ्या संगणकांतील विषाणूंवर उपाय शोधण्यातून त्याचा आरंभ झाला. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या त्यांच्या कंपनीचे नाव २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात सूचिबद्ध झाली.

### भीमा कोरेगाव प्रकरणातील संगणक

शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी २०१८ रोजी झालेल्या हिंसाचारानंतर पुणे पोलिसांनी एल्गार परिषदेसंबंधी तपास केला. त्यात १७ एप्रिल २०१८ रोजी रोना विल्सन यांच्या दिल्लीतील निवासस्थानातून संगणक जप्त करण्यात आला. त्यावरील पत्रे तपास यंत्रणेने महत्त्वाचा पुरावा म्हणून मांडली. जानेवारी २०२० मध्ये हा तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला.

बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक संस्थेने संगणकाच्या डिस्कची प्रत तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आलेल्या तिच्या अहवालानुसार, जून २०१६ मध्ये ईमेलद्वारे आलेली फाइल उघडल्यावर संगणकात ‘नेटवायर’ हा दूरनियंत्रण ट्रोजन शिरला. हल्लेखोराचा ताबा २२ महिन्यांहून थोडा अधिक काळ होता आणि त्याने एका छुप्या फोल्डरमध्ये कागदपत्रे ठेवली, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. हल्लेखोर कोण होता, हे अहवालात सांगितलेले नाही. राष्ट्रीय तपास संस्थेने हा निष्कर्ष अमान्य केला असून शासकीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या तपासणीत घातक आज्ञावली आढळली नसल्याचे म्हटले आहे. पुराव्याचे मूल्यमापन हा न्यायालयीन खटल्याचा विषय आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सेंटिनेलवन या सुरक्षा कंपनीने भारतातील कार्यकर्ते, वकील, प्राध्यापक आणि पत्रकार यांना लक्ष्य करणाऱ्या एका हल्लेखोर गटाविषयी अहवाल प्रसिद्ध केला. या गटाला तिने ‘मॉडिफाइड एलिफंट’ असे नाव दिले. गटाची मुख्य साधने अत्याधुनिक नव्हती. फसव्या ईमेलमधून नेटवायर आणि डार्ककॉमेट यांसारखे बाजारात सहज मिळणारे ट्रोजन पाठवले जात, असे त्यात नमूद आहे. नेटवायर इंटरनेटवर दूरव्यवस्थापनाचे साधन म्हणून विकले जात होते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणेने त्याचे संकेतस्थळ जप्त केले आणि क्रोएशियात एका संशयितास अटक झाली.

या प्रकरणामुळे स्पायवेअरचा एक दुर्लक्षित परिणाम चर्चेत आला. स्पायवेअर माहिती बाहेर नेते, तसेच काही प्रकारांत ते बाहेरील मजकूर आतही आणू शकते. न्यायालयात सादर होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत हॅश मूल्य देण्याची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात आहे. हॅश काढल्यानंतर मजकुरात बदल झाला आहे का, हे या मूल्यावरून पडताळता येते. त्यापूर्वी ती फाइल संगणकात कोणी आणि कशी ठेवली, हे मात्र त्यावरून समजत नाही. त्यासाठी डिस्कवरील इतर खुणांचे स्वतंत्र न्यायवैद्यक परीक्षण करावे लागते.

## कायदा आणि तक्रार

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये स्पायवेअर हा शब्द स्वतंत्रपणे येत नाही. कलम ४३ नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात प्रवेश करणे, त्यातील माहिती काढून घेणे किंवा त्यात दूषित आज्ञावली घालणे ही नुकसानभरपाईस पात्र कृती आहे. ती अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे कलम ६६सी खाली येते.

आर्थिक फसवणुकीची सूचना १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर देता येते. इतर तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर किंवा पोलीस ठाण्यात नोंदवता येतात. दौंड तालुक्यातील केडगाव परिसर पुणे ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीत येतो. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला याचा विचार न करता दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. त्यामुळे ग्रामीण भागातील तक्रारदाराला आधी शहरात जाणे अनिवार्य नाही.

बँकेला लगेच कळवणे तितकेच महत्त्वाचे असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून त्रयस्थाची असल्यास आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर नुकसानीचा भार पडत नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाल्यास कळवण्यापूर्वीचा तोटा त्यालाच सोसावा लागतो.

केंद्र शासनाने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. सर्ट-इन या संस्थेमार्फत चालणारे हे केंद्र बाधित संगणकांसाठी मोफत सफाई साधने उपलब्ध करून देते. पेनड्राइव्हच्या वापरावर नियंत्रण ठेवणारे ‘यूएसबी प्रतिरोध’ हे सी-डॅकने विकसित केलेले साधनही तेथे मिळते.

## मर्यादा

अँटीव्हायरस प्रामुख्याने ज्ञात नमुने आणि संशयास्पद वर्तन यांवरून स्पायवेअर ओळखतो. नव्याने बदललेली किंवा एकाच व्यक्तीसाठी तयार केलेली आज्ञावली त्यातून सुटू शकते. भरपूर साधनसंपत्ती असलेल्या हल्लेखोरापासून घरगुती उपायांनी पूर्ण संरक्षण मिळत नाही. तथापि, जोडलेली फाइल उघडणे, अनधिकृत आज्ञावली चालवणे किंवा अनोळखी व्यक्तीला दूरप्रवेश देणे यांवर अवलंबून असलेले हल्ले वर वर्णिलेल्या उपायांनी मोठ्या प्रमाणात टाळता येतात.